मंदाबाई जित्ती शे

जळगाव
२ ऑगस्ट २०२५

ति. आबांस,
सप्रेम जय भीम.

फोनवरच सांगणार होते. पण परवा मी काही सांगायला लागले की तुम्ही आपले 'हो हो, बरं बरं' म्हणत होतात, आणि प्रशीलकाका मागून ओरडत होता, "आबा, मशीन लावा कानाला!" ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून पत्र. तुम्हाला नाहीतरी तेच आवडतं.

आबा, मी पेपरातली नोकरी सोडली.

कारण ऐकलंत तर म्हणाल, एवढ्यासाठी? सफाई कामगार बायकांचा सत्कार होता. एकीने हातातलं साडीचं पाकीट तिथेच उघडलं, काठ बघितला, आणि शेजारणीला कोपर मारून अशी हसली की काय सांगू. मी नेमकं तेव्हा कॅमेऱ्याचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी पेपरात पाकीट होतं, पाकीट देणारा हात होता, हाताचा मालक होता, मालकाच्या दोन्ही बाजूंना त्याची माणसं होती. बाई कोपरापर्यंतच होती. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, त्या बाईला ओळखतं कोण?"

मी म्हटलं, "तिची शेजारीण ओळखते." आणि कॅमेरा घेऊन खाली उतरले.

आता मी आणि समाधान मिळून स्वतःचं मासिक काढतोय. समाधान म्हणजे माझा वर्गमित्र. चौकाचौकात हात जोडून उभे असतात ना, दादा, भाऊ, युवानेते, त्यांच्या गालांवरचे खड्डे बुजवायचं काम त्याच्याकडे. वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडीचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. तो म्हणतो, "प्रज्ञा, मी इतके चेहरे गोरे केले, आता एक तरी जसाच्या तसा लावू दे."

मासिकात सगळे फोटोच असतील, खाली थोडं लिहिलेलं. नाव ठेवलंय 'बठ्ठा'. आपल्या गावाकडे 'सगळे' म्हणायला जो शब्द आहे, तोच. नियम एकच: ज्याचा फोटो चौकात आधीच लागलेला आहे, त्याचा आमच्याकडे लागणार नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. घरातले सगळे म्हणतील की तुला वेड लागलंय. तुम्ही काय म्हणाल ते आधी कळवा, म्हणजे मी तयारीत राहते.

तुमची नात,
प्रज्ञा


धुळे
८ ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

वेडच लागलंय तुला. त्याबद्दल तुझं अभिनंदन.

पत्र आलं तेव्हा मी गच्चीत खुर्ची टाकून बसलो होतो. वाचलं, आणि मला एकदम आमची भडगावची शाळा दिसली. शहाबादी फरशी, ओळीत बसलेली आम्ही पोरं, आणि खाली गिरणा. कवितेचा तास लागला की आमचे गुरुजी आधी सगळ्या खिडक्या उघडायला लावत. म्हणत, "कविता कोंडायची नसते रे, दम लागतो तिला." मग आम्ही सगळे मिळून असे काही आळवायचो की नदीत म्हशी धुणारी माणसं वर बघायची. गणितात मी कच्चाच राहिलो. कविता मात्र अजून पाठ आहेत, परवा दवाखान्यात दाब मोजताना एक म्हटली, तर नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, बोलू नका, दाब वाढतो. म्हटलं, यानेच तर उतरतो.

असो. मी दीपनगरला वीजकेंद्राच्या स्टोअरमध्ये कारकुनी केली, तुला ठाऊक आहे. नवा संच सुरू झाला की बटण दाबणाऱ्या पाहुण्याचा फोटो भिंतीवर लागायचा. राख उपसणाऱ्यांचा लागला नाही. मी रोज त्या भिंतीखाली डबा खाल्ला, पण हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. तुझ्या आलं.

माझ्या तीन सूचना आहेत. फोटो काळेपांढरे ठेव. रंग डोळ्यांना भुलवतो, काळापांढरा फोटो माणसाशी बोलायला लावतो. आमच्या आईचा, म्हणजे तुझ्या पणजीचा, भागाबाईचा फोटो आठव. माझ्या खाटेसमोर आहे तो. कसे टपोरे डोळे आहेत! रंगात आले असते का? दुसरं, प्रत्येक फोटोखाली दोन ओळींची कविता हवी. कवी मिळत नसेल तर मी आहे. तिसरी सूचना विसरलो. आठवली की कळवीन.

आईला सांगून टाक. ओरडेल, मग थालीपीठ लावील.

तुझा,
आबा (वाल्मीक)


जळगाव
२२ ऑगस्ट २०२५

ति. आबांस,
जय भीम.

आई ओरडली. थालीपीठ लावलं नाही. पण समाधानला दुसऱ्यांदा चहा विचारला, म्हणजे मार्गावर आहे.

पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ सापडलं, आबा! पाचोऱ्याला भडगाव रोडवर एक पिठाची गिरणी आहे. ती मंदाबाई चालवतात. नवरा गेल्यापासून एकट्याच. मी गेले तेव्हा त्या पट्टा बसवत होत्या. वरून खालपर्यंत पीठ. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि मधोमध दोन काळेभोर डोळे. मी म्हटलं, मावशी, फोटो काढू? तोंड धुऊन येता का?

त्या म्हणाल्या, "कसाले? पीठ पुसं तं मंग मी कोन?"

तसाच काढला. पदर कानामागे, एक हात गिरणीच्या पेटीवर. काळापांढरा केला, तुमचं ऐकून. समाधान बघत राहिला. म्हणाला, "हिला गोरं करायची गरजच नाही, हिने स्वतःच करून घेतलंय."

आणि आता दुसरी गोष्ट. पाचोऱ्यात रुपचंदशेठ म्हणून कापसाचे व्यापारी आहेत, यंदा निवडणुकीला उभं राहायचंय. त्यांचे फ्लेक्स समाधानच करतो. त्यांना आमचं कळलं. गादीवर बोलावलं, केळीचे वेफर्स पुढे केले.

"छपाई सगळी माझ्याकडे," शेठ म्हणाले. "कव्हरला फक्त माझा फोटो. सप्टेंबरात वाढदिवस असतो आपला."

मी म्हटलं, "कव्हरला मंदाबाई आहेत. गिरणीवाल्या."

"टाका की तिला आत. चांगला मोठा टाका. पण कव्हरला माणूस लागतो, ताई."

"आणि त्या कोण आहेत?"

शेठ हसले. समाधानकडे बघून म्हणाले, "ही पोरगी बोलते चांगलं. हिला माझ्या प्रचाराला घे." आम्ही वेफर्स न खाता उठलो. म्हणजे मी उठले. समाधानने मूठभर खिशात घातले, ते रस्त्यात खाल्ले.

तेव्हा छपाई आमची आम्हीच बघतोय. जळगावचे एक प्रेसवाले तयार झालेत. प्रकाशन गिरणीसमोरच करायचं, आणि आधी पाचोराभर मंदाबाईंच्या फोटोची पोस्टरं लावायची. त्यासाठी दोन ओळी द्या. आणि तारीख सुचवा.

प्रज्ञा


धुळे
२७ ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञास,
आशीर्वाद. जय भीम.

वेफर्स टाकून उठलीस ते वाचून मी गच्चीत टाळ्या वाजवल्या. शेजारच्या अक्का म्हणाल्या, काय झालं, भारत जिंकला का? म्हटलं, पाचोरा जिंकलं.

मंदाबाईंचा फोटो प्रशीलने मोबाईलवर मोठा करून दाखवला. मी बराच वेळ बघत होतो. मला आईचं जातं आठवलं, पहाटेची घरघर, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलेला मी. माझ्या केसांत पीठ पडायचं आणि शाळेत पोरं म्हातारा म्हणायची. आता खरंच झालो. तर दोन ओळी अशा:

जात्यावरचे गाणे सरले, गिरणीचा घरघराट उरला;
मंदाबाई, तुमच्या पिठाचा सुगंध घराघरांत भरला.

चालीवर म्हणून बघ. आमच्या गुरुजींनी दहापैकी आठ दिले असते. मात्रा जरा सांडल्यात, पण पीठही सांडतंच.

तारखेचं म्हणशील तर एकवीस सप्टेंबर, रविवार. मी चौकशी केली. गणपती संपलेले असतात, नवरात्र दुसऱ्या दिवशी लागतं. मधे सगळे मंडपवाले, स्पीकरवाले, प्रेसवाले अगदी मोकळे. का कोण जाणे, पण त्या पंधरवड्यात कोणाचं काहीच कार्य नसतं म्हणे. आपल्याला बरंच आहे. वेळ सकाळी दहा.

तिसरी सूचना अजून आठवली नाही.

आबा


जळगाव
१० सप्टेंबर २०२५

ति. आबांस,
जय भीम.

का कोण जाणे, असं तुम्ही लिहिलं होतंत. मी सांगते का ते.

तो पितरांचा पंधरवडा असतो, आबा. एकवीस तारीख म्हणजे सर्वपित्री अमावस्या. आपल्या घरात कोणी पितर जेवू घालत नाही, त्यामुळे ना तुमच्या लक्षात आलं, ना माझ्या, ना समाधानच्या. आम्ही तिघेही एकाच विहारातले शहाणे.

आता पोस्टर डोळ्यांपुढे आणा. काळापांढरा फोटो, पांढरी फटक बाई. भोवती काळी चौकट. ती समाधानने घातली. श्रद्धांजलीचे फ्लेक्स करून करून हाताला सवय झालेली, काळापांढरा फोटो आला की बोटं आपोआप चौकट टाकतात. खाली तुमच्या ओळी: 'गाणे सरले', 'उरला', 'भरला'. आणि तळाशी: 'रविवार दि. २१, सकाळी १० वाजता, गिरणीसमोर, भडगाव रोड. सर्वांनी उपस्थित राहावे.'

आठ तारखेला सकाळी पोस्टरं लागली. दुपारपर्यंत पाचोऱ्यात मंदाबाई वारल्या.

बायका पदर डोळ्यांना लावून गिरणीकडे निघाल्या. कोणी म्हणे पट्ट्यात पदर अडकला, कोणी म्हणे झोपेतच. मामेबहीण चाळीसगावहून रडत गाडीत बसली. मंदाबाईंचे दीर जीवराम शेतात होते, त्यांना तिथेच कोणीतरी मिठी मारली. आणि सगळ्यांच्या आधी कोण पोचलं? रुपचंदशेठ. गावात मौत झाली की शेठ फोटोग्राफर घेऊन तासाभरात दारात असतात, ती त्यांची ख्याती आहे. हातात हार. मोबाईलवर त्यांची शोकवार्ता तोवर गावभर फिरलेली: 'आमच्या परिवारातील ज्येष्ठ मार्गदर्शक मंदाताई यांचे दुःखद निधन.' वर मंदाबाईंचा एवढासा फोटो, शेजारी हात जोडलेले शेठ, तिप्पट मोठे.

मी तिथे नव्हते, पण गिरणीत दळणाला बसलेल्या बायकांनी मला अक्षर न अक्षर सांगितलं. शेठ पायऱ्या चढले. समोर पिठाने माखलेली एक बाई पेटीत ज्वारी ओतत होती.

"बाई, मंदाताईंचं घर कोणतं?"

"हाईच."

"फार वाईट झालं हो. कधी गेल्या?"

"कोठे?"

"म्हणजे... मंदाताई. कशा काय गेल्या एकाएकी?"

मंदाबाईंनी गिरणी बंद केली. "मीच मंदा शे," त्या म्हणाल्या. "जित्ती शे. तुम्हले कोनी धाडं?"

आणि फोटोग्राफर शेजारून फोटो काढत होता, आबा! हार हातात धरलेले शेठ आणि कमरेवर हात ठेवलेली मयत.

आता हसू नका, कारण पुढे हसण्यासारखं नाही. गावभर शेठची टिंगल चालली आहे, आणि ते पेटलेत. दलाल पाठवून निरोप दिला की आम्ही मुद्दाम केलं. पोस्टरं उतरवा, मंदाबाईंना अंकातून काढा आणि माफी छापा, नाहीतर अंक कसा निघतो बघतो. जीवरामकाका तर दारात उभे करत नाहीत. म्हणतात, "वहिनीना जित्तेपनी सुतक पाडं तुम्ही. अपशकुन शे हाऊ."

मी अजून मंदाबाईंसमोर गेलेली नाही. हिंमत होत नाही. काय करू?

प्रज्ञा


धुळे
१३ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञास,
आशीर्वाद.

पोरी, माझ्यामुळे झालं. रंगीत चालला असता. 'सरले' ऐवजी 'फुलले' चाललं असतं. कवितेचं वेड असलेल्या म्हाताऱ्याला तारीख विचारू नये, हे तुला कोणी सांगितलं नाही का?

आता माझं ऐक. मंदाबाईंचा फोटो काढून टाक. ही काही माघार नव्हे. बाई हयात आहेत, त्यांना त्याच गावात राहायचंय, दिराच्या शेजारी. पीठ दळून घ्यायला माणसं यायची बंद झाली तर? लोक अपशकुनाला फार भितात. आपण नाही मानत, पण त्या मानत असतील. कव्हरला गिरणा नदी घे. संध्याकाळची. मी तिच्यावर आठ ओळी करून देतो, आणि त्यात 'सरणे' येणार नाही याची काळजी घेतो. अंक निघणं महत्त्वाचं. मंदाबाई पुढच्या अंकात येतील, हे सगळं निवल्यावर.

मोठ्यांशी वैर घेऊन नवी गोष्ट सुरू करू नये. दीपनगरला मी हे बघितलंय.

रागावू नकोस.

आबा


जळगाव
१५ सप्टेंबर २०२५

आबा,

रागावले आहे.

तुम्ही नदी पाठवताय? नदी सगळ्यांना चालते. शेठलाही चालेल. माझ्या पेपरच्या साहेबांनाही चालली असती. त्यांनी बाईला कापून हात ठेवला, तुम्ही बाईला कापून नदी ठेवा म्हणताय. फरक मला सांगा. आणि 'बाईला त्या गावात राहायचंय' हे म्हणताना तुम्ही बाईला विचारलंत? मी पण विचारलं नव्हतं. घाबरून घरात बसले होते आणि माझ्या भीतीला तिची काळजी म्हणत होते.

म्हणून काल गेले. जीवरामकाका ओट्यावर होते. म्हणाले, "आता काय तेराव्याचं आमंत्रण द्यायला आलीस?" मी खाली मान घालून आत गेले आणि मंदाबाईंना सगळं सांगितलं. चौकट, ओळी, तारीख, शेठचा निरोप. माफी मागितली. म्हटलं, तुम्ही म्हणाल तर फोटो अंकातून काढून टाकते.

त्यांनी दळण थांबवलं नाही. पीठ पडतं तिथे हात धरून जाडबारीक बघत होत्या. मग म्हणाल्या, "फोटो काढाना नही."

"पण काका म्हणतात अपशकुन..."

"ऐक. मी इतका वरीस आठे दळी राह्यनू. मनी चौकशी कराले कोनी उनं नही. परवा मरनू तं बठ्ठं गाव उनं. माले समजनं कोन कोन रडस ते." इतक्या वर्षांत चौकशीला न आलेलं गाव मेल्यावर धावत आलं, याचं त्यांना हसूच आलं. "गावनी माले मरेल दखं. आते जित्ती दखू दे."

मेलेली बघितली तशी आता जिवंतही बघू दे, हे ऐकून ओट्यावरून काका ओरडले, "वहिनी!"

"भाऊ, तुम्ही रडनात व्हतात ना? माले सांगं लोकेसनी. मंग आते कसाले तोंड फुगाडतस?"

काकांनी डोळा चोळला. मग हळूच म्हणाले, "डोयामा कचरा गयथा."

त्यांच्या गिरणीच्या भिंतीवरचं पोस्टर अजून तसंच आहे. गावातली बाकी सगळी शेठच्या पोरांनी फाडली. हे फाडायला आले तेव्हा मंदाबाई झाडू घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भिंत मनी शे, तोंड मनं शे.

तर आबा, फोटो निघणार नाही. मंदाबाई मुखपृष्ठावरच राहतील आणि प्रकाशन एकवीसलाच होईल. फक्त अंक कुठून आणायचा ते माहीत नाही. जळगावच्या प्रेसवाल्याने आज सकाळी आमची फाईल परत केली. म्हणाले, ताई, मला बाजारात राहायचंय. जिल्ह्यात दुसरा कोणी हात लावेना. छापला नाही तर मी आणि समाधान फोटो दोरीवर वाळत घालू, कपड्यांसारखे. पण नदी नाही.

तुमच्या काळजीबद्दल आभार.

प्रज्ञा


धुळे
१८ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञास,
जय भीम.

हे पत्र प्रशील घेऊन येतोय, सोबत गाडीत खोकी आहेत. आधी पत्र वाच, मग खोकी उघड. म्हाताऱ्याचा एवढा हट्ट चालवून घे.

तू विचारलंस फरक काय. मी रात्रभर उत्तर शोधलं. सापडलं नाही. समोर आईचा फोटो होता.

त्या फोटोबद्दल तुला एक सांगतो, जे तुझ्या आजोबांना, म्हणजे माझ्या भावाला, माहीत होतं, आणि आता मला एकट्याला माहीत आहे. तुम्ही सगळी पोरं लहानपणी म्हणायचात, पणजीचे डोळे कसे चमकतात, जिथं जाऊ तिथं बघते. ते डोळे तिचे नाहीत. आमच्यात तेव्हा जित्या माणसाचा फोटो काढायचीच पद्धत नव्हती. फोटो काढला तर आयुष्य घटतं म्हणायचे, आणि खरं म्हणजे काढायला कोणी बोलवायचंही नाही. माणूस गेलं की मग धावपळ. आई गेली तेव्हा भडगावचा फोटोवाला आला. तिला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी लावली, मागून मी आणि तुझ्या आजोबांनी धरून ठेवलं. चादरीआडून. फोटोवाल्याने नंतर काळ्या शाईने डोळे काढले. उघडे. काढले तेही छान, टपोरे. आईचे बारीक होते, प्रज्ञा. हसली की मिटायचे.

तिच्यावर मी किती कविता केल्या. सगळ्या त्या शाईच्या डोळ्यांवर.

आणि मी तुला म्हणालो, जिती बाई काढ आणि नदी घाल.

काल सकाळी मी कानाला मशीन लावलं, प्रशीलला स्कूटर काढायला लावली आणि उखर्डूकडे गेलो. उखर्डू म्हणजे आमचा दीपनगरचा दोस्त. निवृत्तीनंतर त्याने इथे पोरासोबत लग्नपत्रिकांची प्रेस टाकली. पितरांच्या पंधरवड्यात लग्नपत्रिका कोण छापतं? मशीन झाकून ठेवलं होतं. मी सगळी हकीकत सांगितली. उखर्डूने विचारलं, "शेठ धुळ्याचा आहे का?" म्हटलं, पाचोऱ्याचा. "मग इथे त्याचा धाक कसला? त्याला सांग, उखर्डूच्या पोराच्या लग्नाला ये," म्हणाला आणि मशीनवरचं कापड ओढलं.

समाधानने फाईल प्रशीलच्या मोबाईलवर पाठवली. त्याला मी शपथ घातली होती तुला न सांगायची, त्याच्यावर रागावू नकोस. कव्हरला जाड कागद नव्हता, लग्नपत्रिकेचाच वापरलाय. जरा पिवळसर आहे, कडेला चमक आहे. काळी चौकट मी काढू दिली नाही. राहू दे. गावाने बघितलीय ती, तिच्यातूनच बाईला बाहेर येऊ दे.

कविता मात्र काढली. दहापैकी आठवाली. त्या जागी मंदाबाईंचे शब्द घातले, तुझ्या पत्रातले. दोनच. मात्रा मोजून बघितल्या, कुठे सांडत नाहीत.

तिसरी सूचना आठवली. ती अशी होती: माणसाला विचारून फोटो काढत जा. तू विचारतेसच. मीच विसरलो होतो.

आता खोकी उघड.

आबा


जळगाव
२२ सप्टेंबर २०२५

ति. आबांस,
सप्रेम जय भीम.

प्रशीलकाका ओरडत होता, 'आधी खोकी उघड, मला परत जायचंय.' मी तुमचं ऐकलं. पायरीवर बसून आधी पत्र वाचलं. आई शेजारी येऊन बसली, तिनेही वाचलं. मग दोघींनी मिळून खोकी घरात ओढली.

मग उघडली. वर मंदाबाई, खाली मोठ्या अक्षरांत 'जित्ती शे'. आबा, त्या कागदाला लग्नाचा वास येतोय.

काल काय झालं ते ऐका. मंडपवाल्याने आयत्या वेळी नाही सांगितलं, स्पीकरवाल्याचा फोन बंद. आम्ही मंदाबाईंना म्हटलं, निदान तासभर गिरणी थांबवा, भाषण होईल. त्या म्हणाल्या, "गिरनी बंद करसू नही. आज बठ्ठासना घर पितरेसनं जेवन शे. पीठ लागी." आणि खरंच, दहा वाजता गिरणीसमोर डबे घेऊन ही रांग! आपण चुकून काढलेल्या तारखेलाच गावातल्या प्रत्येक घराला मंदाबाईंची गरज होती. मंडप लागला असता तर अडचणच झाली असती.

प्रकाशन म्हणजे काय झालं, समाधानने सुतळी बांधलेला गठ्ठा पेटीवर ठेवला आणि मंदाबाईंनी ती विळ्याने कापली. हात पिठाचे. पहिल्या अंकावर त्यांची चार बोटं उमटली. रांगेतली एक बाई म्हणाली, मलापण बोटंवाला द्या. मग काय, जिला तिला बोटंवाला. दळण, अंक, दळण, अंक. भाषण कोणी केलं नाही. एका म्हाताऱ्या अक्कांनी पानं उलटून पाहिली, केळीच्या गाडीवर घड चढवणारे, रेल्वे फाटकावरचा चहावाला, भडगावची शिवणकाम करणारी सासू-सून. म्हणाल्या, "यात मोठं माणूस कोणीच नाही?" मंदाबाई म्हणाल्या, "मी शे ना कव्हरवर."

जीवरामकाका ओट्यावर बसून सगळं बघत होते. शेवटी उठले, एक अंक घेतला, खमिसाने पुसायला लागले. मंदाबाई ओरडल्या, "भाऊ, पुसू नका!" काकांनी हात मागे घेतला. तो अंक त्यांनी देवळीत ठेवलाय. हार घालू नका म्हणून मी चारदा सांगितलं.

रुपचंदशेठची गाडी दोनदा गेली. दुसऱ्यांदा हळू झाली. काच खाली आली नाही. त्यांची बायको रांगेत होती, आबा, उडदाचा डबा घेऊन. तिनेही अंक नेला. बोटंवाला.

पुढचा अंक काढायचाय. छपाईला उखर्डूकाका आहेत, पण कार्तिकात लग्नं सुरू झाली की ते म्हणतात, रांगेत थांबा. थांबू.

आता माझी सूचना. एकच आहे, विसरलेली नाही. दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर पणजीचा फोटो घ्यायचा, शाईच्या डोळ्यांचा, आणि तो हातात धरून तुम्ही. तुम्ही सांगितलं तसं विचारतेय. काढू का? रविवारी येते. तोंड धुऊ नका.

तुमची,
प्रज्ञा


धुळे
६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

तू गेल्यावर खाटेसमोरची भिंत रिकामी दिसत होती. आईचा फोटो तू तुझ्या कामासाठी नेलास, त्या जागी चौकोनी पांढरा डाग राहिलाय. प्रशील म्हणाला, रंग देऊन टाकू. मी 'बठ्ठा'चा अंक टांगला. सकाळी डोळे उघडले की मंदाबाई बघते. खरी बघते.

मला कविता सुचत नाहीये, ही एक तक्रार आहे. उखर्डू म्हणतो, बरं झालं.

शेजारच्या अक्का काल विचारत होत्या, नातीने फोटो कशासाठी काढला, तब्येत बरी आहे ना? मी त्यांना अंक दाखवला. आता त्यांनाही काढायचाय, कैरीच्या लोणच्याच्या बरणीसकट. नाव लिहून घे: पुना आनंदा, वय त्या सांगत नाहीत.

एक शंका आहे. तू बटण दाबलंस तेव्हा मी हसत होतो, आणि माझे डोळे आईसारखेच आहेत, हसलो की मिटतात. फोटोत मिटलेले आले असतील तर समाधानला सांग, हात लावायचा नाही. उघडे काढायचे नाहीत. तू परत ये आणि दुसरा काढ.

मी जित्ता शे.

आबा